चिचटोल्याच्या तलावातली शर्यत

दुधराम संग्रामेला पोहता येत होतं आणि त्यापलीकडे काही येत नव्हतं. पण ही गोष्ट त्याच्या कानावर घालणार कोण? गोंदियाच्या कॉलेजात तो इंटरला दोनदा आपटला, आणि दोन्ही वेळा दोष दिला पेपर तपासणाऱ्याला. इंग्रजीचे प्राध्यापक त्याच्या मते बावळट, लॉजिकचे झोपाळू, मेसवाला चोर, आणि गोंदियाच्या बाजारातले झाडून सारे दुकानदार पोटं सुटलेले ढब्बू. जगात शहाणा माणूस एकच, आणि तो त्याला रोज सकाळी आरशात दिसायचा. असल्याला चार शब्द सांगायला जावं तर सांगणाराच मूर्ख ठरतो, म्हणून लोकांनी सांगणं सोडून दिलं होतं.

पण सगळ्यात जास्त तुच्छता त्यानं आपल्या गावासाठी राखून ठेवली होती. गाव चिचटोला, गोरेगावच्या पुढं दोन कोस. गाव फाटकं, पण तलाव नामी. कोहळी जातीच्या लोकांच्या हातचा. कोहळ्याला जागा दाखवा, तो पाण्याचा उतार बघेल, माती चाखेल आणि म्हणेल इथं पाळ घाला; असल्या लोकांनी तो तलाव बांधलेला. संग्राम्यांच्या घरात पाणकरकी होती. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा माणूस. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी जाईल ते त्यानं ठरवायचं आणि गावानं ऐकायचं. दुधरामचा बाप उदाराम हा त्या वेळचा पाणकर. पन्नाशी उलटलेला, काळा, कोरडा, बोलायला महाग.

तलावाच्या आत, पाळीला म्हणजे बांधाला लागून, पाण्यात एक पोकळ दगडी खांब उभा होता. त्याला एकाखाली एक भोकं आणि भोकांना लाकडी बुचं. त्याला तुडुम म्हणतात. पाणी सोडायचं म्हणजे पाणकरानं तिथं बुडी मारायची, बूच उपटायचं आणि वर यायचं. बूच निघालं की पाणी त्या भोकाकडे अशी ओढ घेतं, की कच्चा माणूस खालीच राहतो. म्हणून तुडुम उघडताना पाळीवर दुसऱ्या कोणी यायचं नाही असा दंडक होता. उदाराम काठी घेऊन पोरांना पार महारुखाच्या झाडापर्यंत हाकलून यायचा आणि मग पाण्यात उतरायचा. त्यामुळं दुधरामनं बापाला पाण्यात जाताना पाहिलं होतं आणि ओल्या धोतरानं घरी येताना पाहिलं होतं. मधलं कधी पाहिलं नव्हतं. पाहावंसं वाटलंही नव्हतं. भोकातून बुचं उपटणं हा काय धंदा झाला, असं त्याचं मत होतं.

अठ्ठावन्न सालचा उन्हाळा. दुसऱ्यांदा नापास झाल्याचं कळलं तेव्हा उदारामनं आरडाओरडा केला नाही. जेवता जेवता एकदाच बोलला. म्हणाला, "दिवाळीवरी पोह. निवड झाली तं जाय जिकडं जाचं तिकडं. नाई झाली तं घरी ये अन् पानी वाट." एवढं बोलून त्यानं भातावर वरण ओतून घेतलं.

निवड म्हणजे विद्यापीठाच्या पोहण्याच्या संघात निवड. तो संघ डिसेंबरात कलकत्त्याला जाणार होता. संघात नाव लागलं की नागपूरच्या कॉलेजात जागा, होस्टेल, पुढं रेल्वेत नोकरीची आशा. म्हणजे चिचटोल्याचा चिखल पायाचा सुटला तो सुटलाच. दुधरामला दुसरं काही नको होतं. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात हेच, की एकदा कलकत्ता गाठलं की पुन्हा त्या पाळीचं तोंड पाहायचं नाही.

आणि खरं सांगायचं तर पोरगं त्या लायकीचं होतंही. पोहण्यात त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पावसाळाभर स्पर्धा झाल्या, आधी भंडाऱ्याला, मग नागपूरला. दोन्हीकडे तो पुढं होता, आणि पुढं होता तो मुख्यतः वळणावर. भिंतीला हात लावायचा, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि दोन्ही तळव्यांनी भिंतीला अशी लाथ हाणायची, की दुसरे हात मारायला लागेपर्यंत हा दोन वाव पुढं. बांधीतला चिखल तुडवून तुडवून त्याच्या मांड्या झाल्या होत्या. ते मात्र तो कोणाला सांगायचा नाही.

संघात गोंदियाच्या कॉलेजासाठी जागा एकच उरली होती आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दोघे होते, एक दुधराम आणि दुसरा मुन्नालाल. मुन्नालाल राइस मिलवाल्याचा पोरगा. नागपूरला मामाकडे राहून पैसे देऊन पोहायला शिकलेला, डोक्याला रबरी टोपी, अंगात आखूड चड्डी, बोलायला गोड. दुधराम त्याला बदक म्हणायचा. बदकानं मात्र भंडाऱ्याला एका हातानं आणि नागपूरला अर्ध्या हातानं हार खाल्ली होती, म्हणजे अंतर कमी होत चाललं होतं. हे दुधरामच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण जे आवडत नाही ते तो लक्षात ठेवत नसे.

हंगामाची शेवटची स्पर्धा गोंदियाला व्हायची होती. आता गोंदियात पोहण्याचा हौद नव्हता आणि गावातल्या तळ्यात धोबी, म्हशी आणि शेवाळ यांनी जागा अडवलेली. कसरतीचे मास्तर श्यामलाल सर डोकं धरून बसले. या श्यामलाल सरांना स्वतःला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की ते शिटी फुंकायचे. पण पोहण्याच्या संघाचे मार्गदर्शक तेच, आणि निकालपत्रावर सही त्यांचीच. असो. तर सर डोकं धरून बसलेले असताना दुधरामनं छाती फुगवून सांगितलं की सर, आमच्या गावचा तलाव आहे ना. पाणी आरशासारखं, खोली भरपूर, आणि एका बाजूला पाळीचं दगडी तोंड, म्हणजे वळायला आयती भिंत.

आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे. पण तेव्हा त्याला वाटलं, आपण मुन्नालालला आपल्या दारात आणून पाडतो आहोत. ज्या पाण्यात जन्म गेला त्यात आपल्याला कोण हरवणार, असा त्याचा हिशोब.

तारीख ठरली दिवाळीच्या आठ दिवस आधीची. तोवर हलका धान कापणीला आलेला असतो, पण भारी धान पोटरीतून नुकता बाहेर पडलेला, त्याला शेवटचं पाणी लागतं. श्यामलाल सरांचा निरोप आला, की दोऱ्या बांधायच्या आहेत, पाणी एका पातळीला राहू द्या, चार दिवस तुडुम उघडू नका. शेतकरी कुरकुरले. पण पाहुणे येणार, भोंगा लागणार, फोटो निघणार, म्हटल्यावर सरपंचाच्या अंगात आलं आणि त्यानं परस्पर हो म्हणून टाकलं. उदारामला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की चार दिवस धान थांबेल, पाचव्या दिवशी थांबणार नाही. शर्यत संपली की त्याच दिवशी पाणी सुटेल. मुलगा त्या शर्यतीत आहे याचा उल्लेख त्यानं केला नाही. दुधरामला ते लागलं, आणि लागलं म्हणून त्यानं बापाला मनातल्या मनात अडाणी म्हटलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गोंदियाहून मोटार निघाली. आत वीसेक पोरं, दोन प्राध्यापक, कपाची पेटी आणि श्यामलाल सर. गोंदिया मागं पडलं तसा दुधराम रंगात आला. पोरांना हसवायला त्यानं आपल्या गावच्या वेडगळपणाच्या गोष्टी सुरू केल्या. त्यातली पाळीची गोष्ट ऐकून तर पोरं खिदळली. गोष्ट अशी, की चिचटोल्यात तलावाच्या पाळीला पाय लावत नाहीत. पाळीवरून चालायचं ते चालायचं, त्याला इलाज नाही. पण पाण्यात असताना पाळीला पाय टेकवायचा नाही, लाथ मारायची तर नावच नको. चुकून लागला तर हात लावून तो हात कपाळाला लावायचा. पाळ ही आई आहे म्हणे. दुधराम सहा वर्षांचा असताना पाळीला पाय लावून खेकड्याचं बीळ उकरत होता, तर उदारामनं त्याला चिंचेच्या छडीनं असा फोडला, की दोन दिवस पालथा झोपला.

"मिट्टी की आई," दुधराम म्हणाला आणि पोरं टाळ्या देऊन हसली. मुन्नालाल मात्र हसला नाही. त्यानं सरळ विचारलं, की मग आज वळताना काय करशील? दुधरामनं त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. म्हणाला, अरे ते गाववाल्यांचं, आपलं नव्हे. आज त्या पाळीच्या छाताडावर पाय देऊनच कलकत्त्याला जातो, तू बघत राहा. बोलायला काय जातं? जिभेला हाड नसतं.

तलावावर पोचले तर जत्रा भरलेली. पाळीवर मांडव, मांडवात तीन खुर्च्या आणि एक आरामखुर्ची. आरामखुर्ची विद्यापीठाच्या निवड करणाऱ्या साहेबांसाठी. हे साहेब नागपूरहून आलेले, डोक्याला हॅट, नाकाला रुमाल, आणि सारखे घड्याळ बघणारे, कारण त्यांना दुपारच्या गाडीनं परतायचं होतं. भोंगा आणला होता, पण तो बोलण्याऐवजी नुसता शिंकत होता. वेळ मोजायचं घड्याळ एकच, तेही श्यामलाल सरांच्या गळ्यात. ते चावी द्यायला विसरले होते हे नंतर कळलं. मुन्नालालच्या घरून पुरी-भाजीचा डबा आणि दोन नोकर आले होते. चिचटोल्याची माणसं खाली बांधावर ओळीनं बसलेली. त्यांना शर्यतीत कोण जिंकतो याचं काही नव्हतं, हे सारं आटपून पाणी कधी सुटतं याची वाट पाहत होती. दुधरामची आई जमुनाबाई बायकांत डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मुलगा उघड्या अंगानं समोर आला तशी तिनं लाजून मान फिरवली.

उदाराम पाळीवर एका टोकाला उभा होता. शर्यतीकडे पाठ करून तो पाळीचे दगड बघत होता. जमीनदारी गेल्यापासून तलाव सरकारचा झाला होता, म्हणजे कोणाचाच राहिला नव्हता. डागडुजीचे कागद जिल्ह्याला जायचे आणि परत यायचे नाहीत. म्हणून म्हातारा रोज एक चक्कर मारून दगड दगड पायानं दाबून बघे. दुधराम त्याच्या समोरून गेला, मुद्दाम गेला. बापानं वर पाहिलं, "पानी थंड आहे," म्हणाला, आणि पुन्हा दगडाकडे वळला. झालं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी बाप एवढं बोलला, म्हणून दुधरामचं टाळकं सरकलं. त्यानं ठरवलं की आता तर जिंकायचंच, आणि जिंकून याच्या तोंडाकडे बघायचंही नाही.

शर्यत शंभर मीटरची. पाळीपासून पन्नास मीटरवर रिकाम्या पिंपांवर बांबू बांधून मचाण केलं होतं. मचाणावरून उड्या घ्यायच्या, पाळीपर्यंत जायचं, पाळीच्या दगडाला हात लावून वळायचं आणि मचाणाला येऊन टेकायचं. म्हणजे वळण एकच. पोहणारे पाच, पण तिघे केवळ मोजायला, खरे दोघेच. श्यामलाल सरांनी मचाणावर न जाता पाळीवरूनच शिटी फुंकली.

दुधरामनं उडी अशी घेतली, की पाणी उडालंसुद्धा नाही. पहिल्या दहा हातांतच तो मोकळा झाला. पाणी त्याचं होतं, त्याची चव, त्याचा गारवा, खालच्या गवताचा वास, सारं ओळखीचं. पंचवीस मीटरवर तो मुन्नालालच्या एक हात पुढं, चाळीसवर दीड हात. मांडवातली माणसं उभी राहिली. आरामखुर्चीतल्या साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला. आता पाळ आली की लाथ, आणि लाथ बसली की काम फत्ते. हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.

त्याचा हात दगडाला लागला. त्यानं अंग वळवलं, गुडघे पोटाशी घेतले, तळवे दगडासमोर आले. बोटभर अंतर राहिलं असेल. आणि पाय तिथंच थांबले.

कशानं थांबले ते देव जाणे. देवभोळा म्हणावा तर हा देवळाची पायरी चढला नव्हता. बापाला भिऊन म्हणावं तर बापाची पाठ होती. त्यानं विचार केला असंही नाही, विचार करायला वेळ कुठं होता? पण पाय गेले नाहीत. ते दगड टाळून खाली पाण्यात सुटले, त्याचा उजवा हात पुन्हा दगडाला लागला आणि तिथून कपाळाला गेला. मोटारभर पोरांसमोर पाळीच्या छाताडावर पाय देणारा शूर तो हा. पाण्यात उभा राहून पाया पडत होता.

तेवढ्यात मुन्नालालनं दगडाला हात लावला, दोन्ही पायांनी दणकून लाथ हाणली आणि बाणासारखा निघून गेला. दुधरामला जागेवरून, अडलेल्या पाण्यातून नव्यानं वेग घ्यावा लागला. मग मात्र तो जिवाच्या आकांतानं पोहला. असा तो आधी कधी पोहला नव्हता. मचाणापाशी दोघांचे हात एकाच वेळी वर आले असं लांबून वाटलं, पण मुन्नालालचा आधी लागला होता. एका पंजाचा फरक. घड्याळ बंद होतं तरी त्यात काही शंका नव्हती, दुधरामलाही नव्हती.

मचाणाला धरून दोघे धापा टाकत होते. मुन्नालालनं टोपी काढली आणि विचारलं, "तू रुका क्यों?" कुत्सितपणानं नाही, खरोखरच विचारलं. जिंकल्याचा आनंद सोडून हे पोरगं काळजीनं विचारत होतं, आणि ते दुधरामला सगळ्यात जास्त झोंबलं. 

पाळीवर उभ्या असलेल्या पोरांनी तो कपाळाला लावलेला हात पाहिला होता. मग काय विचारता? एकानं हात जोडून दाखवले, दुसऱ्यानं आरती म्हटली. श्यामलाल सर लालबुंद होऊन म्हणाले, "पूजा करने आया था क्या?" निवड करणाऱ्या साहेबांनी खिशातून कागद काढला, मुन्नालालचं नाव घातलं, घड्याळ बघितलं आणि मोटारीत जाऊन बसले. दुधरामकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मुलाची ताकद चांगली आहे पण वळण कच्चं आहे, असं सरांना सांगून गेले. वळण कच्चं! हंगामभर ज्या वळणावर तो जिंकत आला, त्याच वळणावर नापासाचा शेरा. कप वाटला, फोटो निघाला, पुरी-भाजी संपली आणि दुपार कलायच्या आत मोटार गोंदियाला निघून गेली. दुधराम मोटारीत बसला नाही. पोरांच्या तोंडाला तोंड द्यायची हिंमत नव्हती, दुसरं काय?

महारुखाखाली तो ओल्या चड्डीवर बसून राहिला. आधी रडला. मान्य करायला हरकत नाही, हमसून हमसून रडला. कलकत्ता गेलं, नागपूर गेलं, आता जन्मभर याच चिखलात, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण रडून झाल्यावर या दीडशहाण्याचं डोकं पुन्हा आपल्या वळणावर गेलं. त्याला वाटायला लागलं, की आपण हरलो ते काही साधंसुधं हरलो नाही. आपण आईसाठी हरलो. वाडवडिलांनी बांधलेल्या पाळीचा मान राखला आणि हातातला घास सोडला. मुन्नालालच्यानं हे झालं असतं? झालं नसतं. सकाळी ज्या नेमाला तो मिट्टी की आई म्हणून हसत होता, त्याच नेमाची शाल पांघरून आता तो हुतात्मा होऊन बसला. बाप येईल, काही बोलणार नाही, पण पाठीवरून हात फिरवील. आणि गावात पुढची पन्नास वर्षं सांगतील, की संग्राम्याच्या पोरानं पाळीला पाय लावला नाही. हे चित्र त्यानं इतकं रंगवलं, की त्याला थोडं बरंही वाटलं.

बाप आला. पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही. म्हणाला, "गेले ना सारे? चाल."

कुठं, म्हणून दुधरामनं विचारलं. उदारामनं पाण्याकडे बोट केलं. भारी धान थांबला आहे, पाणी सोडायचं आहे, आणि दिवाळीची बोली आठवते ना, असं त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. मग नेहमीप्रमाणं काठी घेऊन पाळीवरची पोरं हाकलली. त्या पोरांबरोबर दुधरामही सवयीनं उठून चालायला लागला होता. बापानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

दोघे पाण्यात उतरले. तुडुमाचा दगडी खांब पाण्यावर हातभर दिसत होता. उदारामनं त्याला खांबाला घट्ट धरून डोकं पाण्यात घालायला सांगितलं, आणि डोळे उघडे ठेव म्हणाला. स्वतः त्यानं एक लांब श्वास घेतला आणि खाली गेला.

पाणी स्वच्छ होतं, चार दिवस कोणी ढवळलं नव्हतं. दुधरामला बाप पूर्ण दिसत होता. दोन पुरुष खोलीवर म्हाताऱ्यानं बुचाला दोन्ही हात घातले, पिळलं आणि उपटलं. लागलीच सारं पाणी त्या भोकाकडे ओढलं गेलं. गवत आडवं झालं. म्हाताऱ्याचं धोतर भोकाकडे खेचलं गेलं, पाठोपाठ मांडी खेचली गेली.  आणि मग दुधरामनं पाहिलं, की उदारामनं गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही तळवे पाळीच्या दगडावर टेकवले आणि सगळी ताकद लावून लाथ हाणली. त्या लाथेसरशी तो ओढीतून सुटला आणि वर आला. अगदी तीच रीत. भंडाऱ्याची, नागपूरची.

उदाराम खांबाला धरून खोकला. तोंडावरचं पाणी पुसून त्यानं बूच खांबाच्या डोक्यावर ठेवलं. पाळीच्या पलीकडून, पाटात पाणी पडल्याचा आवाज आला आणि बांधावरची माणसं उठून आपापल्या बांध्यांकडे पळाली.

"बाबा," दुधराम म्हणाला, "पाळीले पाय लावला तू."

"मंग? हात जोडून बसू का तेथं?" उदाराम म्हणाला. "ओढ मानसाले धरते. लात नाई मारली तं मेला समज. माह्या बापानं मले याच जागी सांगतलं, मी तुले सांगून राहिलो."

 दुधराम म्हणाला, की मग तो नेम, ते पाळ म्हणजे आई, ते काय होतं? म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस असं कसं विचारतो. पोरं खेकड्यांसाठी पाळीची माती उकरतात, लाथा मारून दगड हलवतात, आणि हललेल्या दगडाची डागडुजी कोणी करत नाही, म्हणून पोरांना तसं सांगायचं; असं त्यानं समजावलं. मोठ्या माणसाला तो नेम नाही. पाणकराला तर नाहीच नाही. शर्यतीत हा थांबला होता तेही म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. तो तेव्हा खालचे दगड बघत होता. आता ऐकलं तेव्हा त्याचा आधी विश्वासच बसला नाही आणि मग त्याला हसू आलं. बोलायला महाग असलेला तो माणूस खांबाला धरून खोकेपर्यंत हसला. लेकराच्या जन्माचं वाटोळं झालं होतं आणि बाप हसत होता, आणि दुधरामला राग यायलाही जागा उरली नव्हती.

"पयले काऊन नाई सांगतलं?" त्यानं विचारलं.

"पयले तू पानकर होता का?"

 उदारामनं धोतर खोचलं, खांबाला टेकला आणि दुसरं बूच तू काढ म्हणाला. एका भोकाच्या पाण्यानं खालच्या बांध्या भिजणार नाहीत. दुधरामनं श्वास घेतला आणि बुडी मारली. बूच फुगलेलं होतं, तीनदा पिळावं लागलं. निघालं तशी ओढीनं त्याची मांडी पकडली. त्यानं गुडघे पोटाशी घेतले, आणि पाळीला अशी लाथ हाणली, की सकाळी तशी हाणली असती तर मुन्नालाल अजून अर्ध्या वाटेवर असता.

तो वर आला तेव्हा बाप त्याच्या हातातलं बूच घेत म्हणाला, "आता जमलं."